बॅग ज्याची, भरणं त्याचं



चातुर्मास संपला, दिवाळी झाली, की आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर यात्रेच्या बसचं पत्रक येतं आणि त्याच्या मागोमाग येतात त्या टिप्स. सहकुटुंब प्रवासाला निघताना गृहिणीने करायच्या चाळीस गोष्टी. कपडे घडी न घालता गुंडाळून भरा. प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाची पिशवी करा. सासऱ्यांच्या गोळ्या दिवसवार पुड्यांत बांधा. चार्जर एकत्र, ओले कपडे वेगळे, मुलांचा खाऊ हाताशी. निघण्याआधी फ्रिज रिकामा करा, झाडांच्या पाण्याची सोय करा, परत आल्यावर पहिल्या जेवणाला काय ते आधीच ठरवून ठेवा. सगळं उपयोगाचं आहे, त्यातलं बरंचसं मी स्वतः वापरते. माझं भांडण त्यातल्या एकाच शब्दाशी आहे. 'गृहिणीने'. यात्रेला जाणार पाच जण आणि चाळीसच्या चाळीस गोष्टी एकीने करायच्या, हे कुणी ठरवलं?

या टिप्स हमालाला चुंबळ नीट बांधायला शिकवतात, ओझं कुणाचं ते विचारत नाहीत. आणि चुंबळ जितकी चांगली बसते तितकं ओझं वाढतं, हा आपल्यापैकी बहुतेकींचा अनुभव आहे. जिचं पॅकिंग छान, तिच्याकडे नणंदेची बॅगही येते.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली पहिल्यांदाच देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोबदल्याच्या घरकामात जातात असं तीत निघालं. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा आहे, पण तो फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा, आणि असे पुरुष शंभरात सव्वीस. बायका शंभरात एक्क्याऐंशी. सहा वर्षांपुढच्या सगळ्यांना मोजलं आहे, म्हणजे शाळकरी मुलीही त्यात आल्या. आता हेच आपल्या हिशेबात सांगते. एक सामायिक ४८ मिनिटांचं. २९९ मिनिटं म्हणजे सहा सामायिकं, वर थोडी मिनिटं उरतात. "सामायिकाला वेळच मिळत नाही हो" असं आपण माताजींपुढे हात जोडून म्हणतो, तेव्हा वेळ कुठे गेला ते आपल्याला चांगलं माहीत असतं.

पाहणीत मिनिटं मोजता येतात, पण डोक्यात जे सतत चालू असतं ते मोजता येत नाही. २०१७ साली फ्रान्समध्ये एम्मा या नावाने चित्रं काढणाऱ्या एका बाईची चित्रकथा जगभर फिरली. तिच्या नावाचा अर्थ साधारण "मला सांगायचं ना मग!" असा होतो. नवरा काम करायला तयार आहे, फक्त कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगायचं कामही बायकोचंच. पॅरिसच्या घरातलं हे वाक्य कॉलेज रोडच्या आणि पंचवटीच्या घरांतही रोज ऐकू येतं, अगदी याच सुरात.

पंचवटीतल्याच माझ्या एका मैत्रिणीचं मागच्या पावसाळ्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिचं स्वयंपाकघर म्हणजे बघत राहावं असं. एकसारखे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी, ओळीत लावलेले. ती वॉर्डात आली, अजून नीट बोलताही येत नव्हतं, आणि घरून फोन. पाणी गाळायचा छन्ना कुठे आहे? मग दुसरा. गव्हाचं पीठ संपलं, दळण कुठे टाकतेस तू? तिसरा फोन ऐकून मात्र शेजारी बसलेल्या माझ्या पोटात गोळा आला. आईंची सकाळची बीपीची गोळी कोणती, पांढरी की गुलाबी? वीस वर्षं ज्या आईच्या मांडीला मांडी लावून जेवले, तिची गोळी मुलाला माहीत नव्हती. ती सुनेला माहीत होती, आणि सून सलाईन लावून पडली होती.

नीटनेटकं घर वेगळं आणि लागी लागलेलं घर वेगळं, असं मी तेव्हापासून म्हणते. जे घर ती बाई नसताना चार दिवस चालतं, ते व्यवस्थित. बाकी सगळी व्यवस्था तिच्या डोक्यात आहे, डब्यांवर नुसत्या चिठ्ठ्या.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "पुरुषांना नाही गं जमत." मैत्रिणींनो, हे आपण तरी म्हणू नये. आपण चौका पाहिलेला आहे.

गजपंथेकडे, मांगीतुंगीकडे मुनिसंघाचा विहार होतो तेव्हा वाटेतल्या गावांत चौके लागतात. २०१६ च्या फेब्रुवारीत मांगीतुंगीला भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीचा पंचकल्याणक महोत्सव झाला, तेव्हा तर बागलाणच्या त्या वाटेवर किती चौके लागले होते ते ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल. चौक्याइतकी काटेकोर प्रवासी व्यवस्था मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. टेम्पोत भांडी, शेगडी, धान्य, तूप, सोवळ्याचे कपडे. पोचल्यावर तासाभरात अनोळखी घराच्या पडवीत स्वयंपाकघर उभं. आणि त्यात पुरुष काय करतात? धोतर-दुपट्टा नेसून विहिरीचं पाणी शेंदतात. दुहेरी जाड कापडातून ते गाळतात. गाळलेली जिवाणी त्याच विहिरीत अलगद सोडतात. तांदूळ निवडतात, तेही डोळ्यांत तेल घालून, कारण ताटात एक केस किंवा जीव निघाला तर अंतराय होईल, आणि दिवसातून एकदाच आहार घेणारे महाराज तसेच परत फिरतील. कुठलं भांडं कुठे, दूध किती वाजता तापलं, पाणी केव्हा उकळलं, सगळं त्यांना तोंडपाठ. दूधवाल्याची वेळ, विहिरीचा मालक, जवळची पिठाची घरगुती चक्की, हेही तेच शोधून काढतात.

तोच माणूस घरी आला की विचारतो, मीठ कुठे असतं?

म्हणजे येत नाही असं नाही. चौक्यात केलं तर ते पुण्य, समाज बघतो, अनुमोदना होते. घरात केलं तर ते बायकोचं काम. मला हा भेद धर्मात कुठे सापडलेला नाही. पाणी गाळायचं ते जीवदयेसाठी, आणि त्या पाण्यातल्या जिवाला हे पाणी महाराजांसाठी आहे की आपल्या वरणासाठी ते कळत नाही. चौक्यात जो छन्ना धरतो, त्याला घरातला छन्ना कुठे वाळत घातलाय ते माहीत असायला काय हरकत आहे?

दुसरं उत्तर आपलं स्वतःचं असतं. "त्याला शिकवण्यापेक्षा मी पटकन करते." आज पटकन होतं, हे खरं. पण हे वाक्य वीस वर्षं रोज म्हटलं तर किती वेळ वाचला, याचा हिशेब करा. नवऱ्याचं सोडा, लेकाला आपण तेच शिकवतो आहोत, आणि त्याची किंमत उद्या दुसऱ्या कुणाची तरी मुलगी भरणार आहे.

तिसरं सासूबाईंचं. शुद्धीचं काय, मर्यादेचं काय, पुरुषांना कळत नाही. सासूबाईंचा मान ठेवून सांगते, ज्या घरांत पाळीचे तीन दिवस बाई बाजूला बसते आणि घरात दुसरी बाई नाही, तिथे पुरुष वरण-भाताचा कुकर लावतातच की. दारातून तिनं सांगायचं आणि त्यानं करायचं. तेव्हा मर्यादा मोडत नाही. चौथ्या दिवशी सकाळी मात्र तो सगळं विसरतो. आमच्याकडे माझे सासरे गुरुकुलात शिकलेले. स्वतःचं ताट घासून ठेवायचं, स्वतःचे कपडे धुवायचे, हे त्यांच्या हाताला लहानपणापासून होतं, आणि सून आली म्हणून त्यांनी ते सोडलं नाही. सासूबाईंना सुरुवातीला लोकलाज वाटायची. सासरे म्हणायचे, ताट माझं होतं, घासलं मी, यात लाज कुणाची?

आता डब्यांकडे येते, कारण त्याशिवाय हा विषय संपत नाही.

घर लावायच्या नावाखाली आपल्याला सध्या जे विकलं जातं ते म्हणजे अजून वस्तू. फ्रिजमध्ये ठेवायचे ट्रे, ड्रॉवरमधले कप्पे, साड्यांची कव्हरं, ती कव्हरं ठेवायच्या पेट्या. आपल्या नाशिकच्या भांडीबाजारात एकेकाळी बायका पितळेचा एक डबा घ्यायच्या, तो लेकीच्या संसारापर्यंत चालायचा. आता दर दिवाळीला सेट बदलतो. घर आवरण्याच्या पद्धतीसाठी जगभर नाव झालेल्या जपानच्या मारी कोंडो बाईंनी २०२३ साली सांगून टाकलं, तिसऱ्या मुलानंतर घर आवरण्याचा नाद मी बराचसा सोडला, आता वेळ मुलांना देते. बाई प्रामाणिक. पण त्यांच्या नावावर खपलेले डबे आपल्या माळ्यावर आहेतच.

आपल्याला याबाबतीत कुणाकडून शिकायची गरज नव्हती. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाला परिग्रहाची मर्यादा घालून घ्यायला सांगितली आणि त्याच व्रताला इच्छापरिमाण असंही नाव दिलं. मोजायची आहे ती इच्छा, हे त्या नावातच आलं. आर्यिका माताजींच्या दोन साड्या असतात, एक नेसलेली आणि एक वाळत घातलेली. मुनींकडे पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. आपण संसारी, आपल्याला इतकं जमणार नाही हे कबूल. पण पर्युषणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी प्रवचन ऐकून आल्यावर एक कपाट उघडून बघावं इतकं जमतं. जे दोन वर्षांत वापरलं नाही त्याला डबा घेण्याऐवजी ते देऊन टाकलं तर आवरायला काही उरतच नाही.

धान्याचं तर मला कळतच नाही. चार माणसांचं घर, त्यातली दोन डब्यांतलं खाणारी, आणि एप्रिल-मे आला की वर्षाचा गहू, वर्षाची तूरडाळ. उन्हात घाला, एरंडेल चोळा, कडुनिंबाचा पाला टाका. एकत्र कुटुंबात वीस ताटं व्हायची, तेव्हा ते बरोबर होतं. आज ते धान्य श्रावणापर्यंत सोंडे-टोके होऊन चाळणीखाली येतं, आणि मग आपण हळहळत ते निवडत बसतो. किती जिवांची हिंसा आणि किती दुपारी! दोन महिन्यांचं धान्य आणा. नाशिकमध्ये गहू मिळायचा काही बंद होत नाही.

आणि चिठ्ठ्या लावायचं म्हणाल, तर जैन स्वयंपाकघराइतकी जुनी तारीख-पद्धत कुणाकडे आहे? पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. गाळलेलं पाणी ४८ मिनिटं, लवंग वगैरे घालून प्रासुक केलेलं ६ तास, उकळलेलं २४ तास. आपल्या आज्या हे बोटांवर मोजायच्या. माझं म्हणणं एवढंच की ही मोजणी एकीच्या बोटांवर राहू नये. आमच्या पिठाच्या डब्यावर दळणाची तारीख खडूने लिहायचं काम धाकट्याकडे आहे. तो आठवीत आहे. तारीख उलटली तर मला नाही, त्याला विचारतात. कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावलेला आहे, त्यावर दळणवाला, दूधवाला, गॅस, आजीची सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, डॉक्टरांचा नंबर. मोठ्या अक्षरात, चष्मा न लावता वाचता येईल असा. तो कागद यांनी लिहिला आहे, मुद्दाम. स्वतःच्या हाताने लिहिलेलं लक्षात राहतं.

तर प्रवास. यंदा बऱ्याच जणी शिखरजीला निघाल्या आहेत म्हणून तिथलंच सांगते.

घरातल्या प्रत्येकाची बॅग वेगळी आणि ती ज्याची त्यानं भरायची. सात-आठ वर्षांच्या मुलालाही दोन जोड कपडे, स्वेटर, टॉवेल, ब्रश एवढं जमतं. तुम्ही यादी तोंडी सांगा, हात लावू नका. टॉवेल विसरला तर विसरू द्या, मधुबनात दुकानं आहेत, आणि पुढच्या वेळी तो विसरत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकानं आपली बॅग उचलून दोन जिने चढून दाखवायचे. नाशिक रोड स्टेशनचा पूल चढताना जे उचलत नाही ते आधीच कळलेलं बरं. रेल्वे स्लीपरला आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो नेऊ देते, ती परवानगी आहे, उद्दिष्ट नव्हे. पाच जणांचे दोन क्विंटल होतात, आणि ते कोण मोजत बसतं, दर स्टेशनला सीटखाली वाकून, ते तुम्हाला ठाऊक आहे.

औषधं मात्र विसरून शिकायची गोष्ट नाही. ज्याची गोळी त्याच्याच खिशात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या तीन फोनमध्ये. आणखी एक, जे टिप्समध्ये कधीच नसतं. यात्रेत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्यातल्या किती जणी मेडिकलमधून थेट आणून घेतात! डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तदाब असेल, पायाच्या शिरांचा त्रास असेल, घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर हे आधी सांगायलाच हवं.

खाण्याचं. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, लाडू, शंकरपाळे. आपल्या आज्यांच्या शिदोरीत हेच असायचं. पण चौविहार पाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. नाशिकहून पारसनाथ स्टेशन पुष्कळ पूर्वेला आहे, जवळजवळ बारा रेखांश, आणि रेखांशाला चार मिनिटं या हिशेबाने तिथे सूर्य पाऊण तास आधी मावळतो. थंडीत तर फरक तासाच्या घरात जातो. घड्याळ तेच असतं, त्यामुळे घरच्या सवयीने पावणेसहाला डबा उघडाल तर बाहेर अंधार झालेला असेल. तिथे पाचच्या आधीच जेवून घ्या. हे सूर्यास्ताचं वेळापत्रक बघायचं काम ज्याच्या हातात चोवीस तास मोबाईल आहे त्याला द्या. आमच्याकडे थोरल्याला दिलं होतं, त्यानं प्रत्येक मोठ्या स्टेशनची वेळ काढून ठेवली आणि आजीला चारला सांगितलं, आजी, आज साडेचारला डबा.

मग डोंगर. मधुबनातून रात्री दोन-तीनला निघायचं, अनवाणी, चढण, टोंकांची वंदना आणि उतरण मिळून सत्तावीस किलोमीटर. वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले ती भूमी. जन्मात एकदा तरी वंदना घडावी म्हणून आपण वर्षानुवर्षं वाट बघतो. आणि त्या डोंगरावर मी बायका पाहिल्या आहेत, एका खांद्यावर मुलाचं जॅकेट, दुसऱ्यावर नवऱ्याचं, हातात सगळ्यांच्या पाण्याची पिशवी, कमरेला पूजेच्या द्रव्याचा बटवा. घरची मंडळी टोंकावर अर्घ्य चढवून पुढच्या टोंकाकडे निघाली की ही येऊन पोचते, घाईघाईने डोकं टेकवते आणि विचारते, पाणी हवंय का कुणाला? पार्श्वनाथ भगवंतांच्या टोंकावर, सगळ्यात उंचावर, एक ताई पायरीवर बसून पिशवीत लेकाचा मोजा शोधत होत्या. मागे सूर्य वर आला होता.

त्या ताईंना कुणी चाळीस टिप्स पाठवल्या असत्या तर मोजा कदाचित लवकर सापडला असता. माझं म्हणणं आहे, तो मोजा त्यांच्या पिशवीत असायचं कारण नव्हतं. ज्याचा मोजा, त्याचा खिसा. द्रव्याचा बटवा ज्याचा त्याच्या कमरेला. गजपंथेच्या चारशेवर पायऱ्या आपल्या म्हसरूळच्या वेशीवर आहेत, शिखरजीआधी एका रविवारी सगळं घर तिथे न्या, प्रत्येकाच्या हातात प्रत्येकाची पिशवी द्या आणि तुम्ही रिकाम्या हाताने चढा. घरचे कुरकुरतील. कुणीतरी विचारेल, तुझ्या हातात काही नाही? तर सांगा, माझ्या हातात जपमाळ आहे.

आणि परतीचं. या विषयावर एकही टिप नसते, जणू यात्रा स्टेशनवर उतरताच संपते. सात दिवसांचे पाच जणांचे कपडे, तेलकट डबे, ओले टॉवेल, आणि दुसऱ्या दिवशी शाळा, ऑफिस. घरात शिरल्यावर बॅग दिवाणखान्यात टाकून जो तो सोफ्यावर, आणि एकटी मोरीत. असं नको. बॅग ज्यानं भरली त्यानंच ती त्याच रात्री रिकामी करायची, मळके कपडे मशीनपर्यंत न्यायचे, डबा घासून पालथा घालायचा आणि रिकामी बॅग माळ्यावर टाकायची. पहिलं जेवण म्हणजे खिचडी, आणि ती चौक्यात तांदूळ निवडणाऱ्यांनी लावायची. मूगडाळ कुठल्या डब्यात आहे ते दाराच्या आतल्या कागदावर लिहिलेलं आहेच.